‘तो आत आहे’ हे कुणाला, किती आणि कसं सांगायचं?

वाचक विचारतात

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाची बरीच पत्रं निघाली. नवरा, बायको, मित्र किंवा मैत्रीण तुरुंगात आहे आणि लोकांच्या नजरा बाहेरच्या माणसाला झेलाव्या लागताहेत. बहुतेक पत्रं पुण्यातली, त्यामुळे येरवडा आणि शिवाजीनगर कोर्ट ही नावं पुन्हा पुन्हा येतील. उत्तरं फौजदारी कामं चालवणारे वकील आणि कैद्यांच्या घरच्यांसोबत काम करणारे समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : फसवणुकीच्या केसमध्ये माझे मिस्टर सात महिन्यांपासून येरवड्यात आहेत. खटला अजून उभाही राहिलेला नाही. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, दोन मुलं आहेत. अटकेच्या बातमीचं कात्रण कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. आता घरमालक म्हणतात, ‘सभासद नाराज आहेत, महिनाअखेरीला घर मोकळं करा.’ करार मिस्टरांच्या नावावर आहे. काय करू?
(एक वाचक, धानोरी)

उत्तर : आधी कराराचा कागद काढा आणि दोन गोष्टी पाहा : तो नोंदणीकृत आहे का, आणि नोटिशीचं कलम काय म्हणतं. पुण्यातल्या अकरा महिन्यांच्या करारांत साधारण एक महिन्याची लेखी नोटीस असते. ‘सभासद नाराज आहेत’ ही नोटीस नव्हे. तोंडी सांगितलं तर नम्रपणे म्हणा, ‘लेखी द्या, मी उत्तर देते.’ निम्मे मालक इथंच थांबतात, कारण आरोपाखाली अटक झालेल्या माणसाच्या बायकोला घराबाहेर काढतोय हे कागदावर लिहायला त्यांनाही जड जातं.

करार नोंदवलेलाच नसेल तर घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्यानं ती पाळली नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मालकानं कुलूप बदललं, सामान जिन्यात काढलं किंवा वीज तोडली, तर दारात हुज्जत घालू नका. मोबाईलवर चित्रण करा आणि ११२ ला फोन लावा.

खरी अडचण नूतनीकरणाच्या वेळी येईल. नोंदणीला मिस्टरांचा अंगठा लागतो आणि तो आत आहे. म्हणून पुढचा करार तुमच्या नावावर करून घ्या आणि जुनी अनामत रक्कम नव्या करारात वळती केल्याचं त्यातच लिहून घ्या. मालक म्हणाला, ‘डिपॉझिट ज्यांचं, त्यांनाच देईन,’ तर मिस्टरांकडून तुमच्या नावानं अधिकारपत्र आणावं लागेल. वकीलपत्रावर जशी आतून सही होते आणि कारागृह अधिकारी ती साक्षांकित करतो, तशीच ही सही होते, वकिलामार्फत. भाडं या महिन्यापासून तुमच्या खात्यातून ऑनलाइन द्या. रोख देऊ नका. ‘तीन महिने भाडंच नाही दिलं’ हा अशा प्रकरणांतला ठरलेला आरोप आहे.

ग्रुपबद्दल. तिथं खुलासा लिहू नका आणि ग्रुप सोडूही नका. सोडलात की बोलणाऱ्यांना मैदान मोकळं मिळतं आणि काय बोलले ते तुम्हाला कळतही नाही. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. अटक झाली ही बातमी खरी आहे, तेव्हा नुसतं कात्रण टाकलं म्हणून बदनामीचा दावा टिकणार नाही. मात्र कुणी तुमच्या चारित्र्यावर बोललं, धमकी दिली किंवा पाठलाग केला, तर तो वेगळा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत स्त्रीच्या विनयाला धक्का देणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९ आहे, पाठलागासाठी ७८ आणि धमकीसाठी ३५१. चौकीत ‘घरगुती भांडण आहे’ म्हणून परत पाठवलं, तर पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे, महिला-मुलांच्या तक्रारींसाठीचा. तिथं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शेजाऱ्यांना ‘आरोप’ आणि ‘शिक्षा’ यांतला फरक कळत नाही, किंवा कळून घ्यायचा नसतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे तीन न्यायाधीन होते, म्हणजे गुन्हा शाबित न झालेले. हे भाषण जिन्यात कुणाला देऊ नका, उपयोग नाही. त्यापेक्षा एक दार निवडा. मुलांना तासभर ठेवून घेईल, तुम्ही तारखेला गेलात तर दूध आत घेईल, असं एक घर बहुतेक मजल्यांवर असतं. तिथंच सगळं खरं सांगा. बाकीच्यांना एकच वाक्य : ‘घरात कोर्टाचं काम चालू आहे, मी त्यावर बोलत नाही.’ तेच वाक्य, त्याच शब्दांत, प्रत्येकाला. दोघांना दोन गोष्टी सांगितल्या की त्या दोघांच्या गप्पांतून तिसरी तयार होते.

शेवटी, लढायचं की निघायचं? कराराचे दोनच महिने उरले असतील, तर आमचं मत निघण्याकडे झुकतं : लेखी मुदत घेऊन, अनामत हातात पडल्यावर, मुलांच्या परीक्षा संपल्यावर. हक्क आहे म्हणून तो रोज लिफ्टमध्ये बजावत बसलंच पाहिजे असं नाही. नव्या मालकानं ‘मिस्टर काय करतात?’ विचारलं तर : ‘ते सध्या इथं राहत नाहीत. करार माझ्या नावावर, पगार माझा.’ दुबईला आहेत, जहाजावर आहेत, असलं काही सांगू नका. ते फार तर सहा महिने टिकतं.

प्रश्न : मी २७ वर्षांची, खराडीत नोकरी करते. माझा मित्र चार महिन्यांपासून येरवड्यात न्यायाधीन आहे. आमचं लग्न झालेलं नाही. मुलाखतीच्या खिडकीवर ‘नातं काय?’ विचारलं, मला उत्तर देता आलं नाही, परत आले. त्याची आई म्हणते, ‘तू कोण लागतेस?’ माझ्या घरी कुणालाच माहीत नाही. अर्जावर ‘पत्नी’ लिहिलं तर चालेल का?
(नाव-पत्ता छापू नये)

उत्तर : चालणार नाही. आधारवर ते जुळत नाही, आणि एकदा खोटं नातं नोंदीत गेलं की पुढच्या प्रत्येक अर्जाला तेच आडवं येतं. खटल्यात तुम्हाला साक्षीला बोलावलं, तर समोरचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारेल. ‘मैत्रीण’ लिहा. साखरपुडा झाला असेल तर ‘वाग्दत्त वधू’.

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत कैद्याला भेटू शकणाऱ्यांत कुटुंबीय आणि नातेवाइकांबरोबर मित्रही धरले आहेत. पण नियमावली आणि खिडकी यांत अंतर असतं. खिडकीवर आधी रक्ताचं नातं पाहतात, बाकीचं अधीक्षकांच्या मर्जीवर. म्हणून तुमचं नाव आतून यायला हवं. त्यानं अधीक्षकांच्या नावे अर्ज द्यायचा : अमुक व्यक्तीला भेटायचं आहे, नाव, पत्ता, आधार क्रमांक, नातं मैत्रीण. हा निरोप त्याचा वकील पोचवू शकतो. त्याच आठवड्यात तुम्ही कारागृहाच्या आवक शाखेत, म्हणजे कागद स्वीकारतात तिथं, तसाच अर्ज द्या, सोबत आधारची प्रत आणि फोटो, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. नकार आला तर तो लेखी मागा. न्यायाधीन बंदी न्यायालयाच्या कोठडीत असतो, त्यामुळे ज्या कोर्टात केस आहे तिथं वकील भेटीच्या परवानगीचा अर्ज देऊ शकतो.

नाव मंजूर झालं की ई-मुलाकातची, म्हणजे भेटीची ऑनलाइन नोंदणी करता येते. ई-प्रिझन्सच्या संकेतस्थळावर आधी तुमची माहिती (ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, मोबाईल, ईमेल), मग राज्य, कारागृह, बंद्याचं नाव, तारीख आणि भेटीचा प्रकार : प्रत्यक्ष की व्हिडिओ. ओटीपी टाकल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो. मंजुरी कारागृहाकडून येते, तोवर निघू नका. चुका ठरलेल्या आहेत. येरवड्यात मध्यवर्ती, महिला आणि खुलं अशी कारागृहं आहेत, लोक यादीत भलतंच निवडतात. दुसरी चूक नावाच्या स्पेलिंगची : आतल्या नोंदीत ते पोलिसांच्या कागदांवरून चढतं, आधारवरून नव्हे. वकिलाकडच्या रिमांडच्या (कोठडीच्या आदेशाच्या) कागदावर जसं आहे तसंच टाका.

प्रत्यक्ष भेटीला मूळ ओळखपत्र आणि झेरॉक्स न्या. मोबाईल आत नेता येत नाही. घरचा डबा आत जात नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. बोलणं काचेआडून, इंटरकॉमवर, आजूबाजूला दहा जण ओरडत असताना. मिनिटं भराभर जातात. तीन मुद्दे कागदावर लिहून न्या, नाहीतर पहिली निम्मी भेट रडण्यात आणि उरलेली ‘जेवलास का’ यात संपते. केसबद्दल तिथं बोलू नका, पत्रातही लिहू नका. पत्रं वाचली जातात. पत्रावर त्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासह, बंदी क्रमांक आणि ‘येरवडा मध्यवर्ती कारागृह, पुणे ४११००६’ एवढं पुरतं. भेट नाकारली तरी पत्राची वाट बहुधा उघडी राहते, आणि काचेआडच्या भेटीपेक्षा पत्रात जास्त बोलता येतं.

आता एक सावधगिरी. याबद्दल सहसा कुणी विचारत नाही, पण नुकसान सगळ्यात जास्त इथं होतं. त्याचे ‘भाऊ’ तुम्हाला फोन करतील : हे पाकीट अमक्याला दे, तुझ्या खात्यावर थोडे पैसे येतील ते पुढे पाठव, त्या साक्षीदाराशी एकदा बोल. एकही काम करू नका, त्यानं स्वतः आतून सांगितलं तरी. एकटी, लपून भेटणारी, घरी कुणाला काही न सांगणारी मुलगी त्यांना सोयीची असते. कोर्टाच्या आवारात त्याला घेऊन आलेल्या पोलीस पार्टीच्या हातात ‘दोन मिनिटं बोलू द्या’ म्हणून पैसे ठेवणं हाही गुन्हाच.

म्हणूनच घरी निदान एकाला सांगा. आईला झेपणार नसेल तर मावशी, थोरली चुलत बहीण, कुणीही. पोलिसांना तुमचा जबाब हवा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांनीच तुमच्या राहत्या जागी यायचं असतं. म्हणजे ते घरी येणार. त्या दिवशी घरच्यांना पहिल्यांदा कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

त्याच्या आईच्या बाबतीत घाई नको. तिच्या लेखी तुम्ही कोण, याहून त्या आठवड्याची भेट कुणाच्या वाट्याला जाणार हा प्रश्न मोठा आहे. वकिलामार्फत सांगा की आईच्या भेटीचा वार तुम्ही घेणार नाही. बऱ्याचदा तेवढ्यानं आवाज खाली येतो.

प्रश्न : नवऱ्याला जामीन मिळून पाच आठवडे झाले, पण जामीनदार मिळत नाही. दीर म्हणतात, ‘आमचं नाव त्यात नको.’ माझं माहेर साताऱ्याकडचं, तिथले कागद चालतील का? कोर्टाबाहेर एक माणूस आठ हजारांत जामीनदार देतो म्हणतोय.
(एक वाचक, हडपसर)

उत्तर : त्या माणसाच्या वाटेलाही जाऊ नका. असले जामीनदार दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर किंवा बनावट रेशनकार्डावर उभे राहतात. पडताळणीत पकडले गेले की गुन्हा त्यांच्यावर आणि आणणाऱ्यावरही, शिवाय जामीन रद्द व्हायची वेळ येते. जामीनदाराला तो आणखी किती जणांना जामीन राहिलाय हेही लिहून द्यावं लागतं.

माहेरचे कागद चालायला हवेत. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच मोतीराम खटल्यात सांगितलंय. तरी कारकून कुरकुर करतो, म्हणून कागद भक्कम हवेत : आधार, पॅन, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरी असेल तर ओळखपत्र आणि पगाराच्या पावत्या. काही न्यायालयं तहसीलदाराचा ऐपतदार दाखला, म्हणजे जामीनदाराच्या आर्थिक ऐपतीचा दाखला, मागतात. त्याला दिवस लागतात, तेव्हा आदेशात तो मागितलाय का ते आधी वाचा.

दिरांशी बोलताना ‘भावाला वाऱ्यावर सोडलंत’ हा सूर नको. त्यांना वाटतं, जामीन राहिलो म्हणजे गुन्ह्यात नाव आलं. तसं नसतं. जामीनदाराचं नाव आरोपींत येत नाही, त्याचं पोलीस रेकॉर्ड होत नाही. जोखीम एकच : आरोपी तारखांना आला नाही तर बंधपत्राची रक्कम भरावी लागते. ती रक्कम किती आणि तारखा चुकू नयेत म्हणून तुम्ही काय करणार, एवढंच सांगा. नाही म्हणाले तर दुसरं दार.

तुमच्या बाबतीत महत्त्वाचं म्हणजे पाच आठवडे उलटलेत. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. महिना उलटला तर न्यायालयानं स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करायचा. वकिलाला या निर्देशांचा हवाला देऊन अर्ज करायला सांगा : रक्कम कमी करावी, तात्पुरता रोख जामीन घ्यावा किंवा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडावं. वकील टाळत असेल तर शिवाजीनगर न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा, किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नं दिलाय. गरीब बंद्यांच्या जामिनाची रक्कम भरण्यासाठी केंद्राची २०२३ पासूनची योजना आहे, तिचा अर्जही तिथूनच पुढे जातो.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा. त्याला ‘बाबा परदेशात’ सांगितलं होतं. शाळेत एका मुलानं ‘तुझे बाबा चोर आहेत, जेलमध्ये आहेत’ म्हटलं. तेव्हापासून सकाळी पोटात दुखतं म्हणतो.
(एक वाचक, धायरी)

उत्तर : दुखतं ते खरंच दुखतं, बहाणा समजू नका. चोर शब्दापेक्षा आईनं आपल्याला खोटं सांगितलं हे त्याला जास्त लागलेलं असू शकतं. आज-उद्याच, जेवण झाल्यावर, टीव्ही बंद करून सांगा : ‘बाबा परदेशात आहेत हे मी खरं सांगितलं नव्हतं, मला भीती वाटत होती. बाबांवर एक आरोप आहे. खरं काय ते कोर्ट ठरवणार. तोपर्यंत त्यांना येरवड्याला ठेवलंय. यात तुझी काही चूक नाही.’ एवढंच. आठ वर्षांच्या मुलाला कलमं नकोत, ‘बाबांनी काहीच केलं नाही’ अशी हमीही नको. ती उद्या खोटी ठरली तर दुसऱ्यांदा विश्वास जाईल. तो पुढचा प्रश्न दोन दिवसांनी, भलत्याच वेळी, रिक्षात विचारेल. तेव्हा तेवढंच उत्तर द्या.

शाळेसाठीही त्याला एक वाक्य हवं. ‘हे आमच्या घरचं आहे, मला बोलायचं नाही,’ म्हणायचं आणि बाईंकडे जायचं. घरी दोनदा नाटक करून सराव घ्या. तुम्ही वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापक या दोघांनाच भेटा, अख्ख्या शिक्षककक्षाला नाही. ‘वर्गात विषय काढू नका, त्याला एकट्याला वेगळं वागवू नका, चिडवणं दिसलं तर थांबवा आणि मला कळवा’ असं नेमकं सांगा. शिक्षकच टोमणे मारत असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मानसिक छळालाही बंदी आहे. ते पत्रात लिहून द्या.

तुरुंगात न्यायचं का? तो म्हणाला तरच. आधी सांगा : रांग असते, झडती होते, मध्ये काच असते, मिठी मारता येत नाही. काचेचं न सांगता नेलेलं मूल तिथंच हंबरडा फोडतं. महाराष्ट्रातल्या कारागृहांत अधूनमधून मुलांसाठी ‘गळाभेट’ होते, त्यात काच नसते. चौकशी मुलाखतीच्या खिडकीवर करा. अंथरूण ओलं होणं, मारामाऱ्या, झोप उडणं हे महिनाभर चाललं तर समुपदेशकाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, फोन मोफत.

पैशाचंही पाहा. पालक तुरुंगात असलेल्या मुलांना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. आधार, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड आणि वडील कारागृहात असल्याचा कागद लागतो. हा शेवटचा कागद लोक विसरतात आणि फाईल परत येते.

प्रश्न : ऑफिसमध्ये सांगावंच लागतं का?
(एक वाचक, हिंजवडी)

उत्तर : नाही. चारित्र्य पडताळणी तुमची असते, नवऱ्याची केस तुमच्या दाखल्यावर येत नाही. एखाद्या अर्जात कुटुंबीयांबद्दल थेट विचारलं असेल तरच, खरं लिहा. रजेचं कारण ‘कौटुंबिक काम’. आणि प्रत्येक तारखेला रजा टाकू नका : ई-कोर्टस् अॅपवर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळतो तो) घातला की पुढची तारीख कशासाठी आहे ते कळतं. अनेक तारखांना आरोपीला व्हिडिओवरच हजर करतात, तुम्ही जाऊन रिकाम्या बाकाकडे पाहून येता.

प्रश्न : बायको येरवड्याच्या महिला कारागृहात आहे. मुलगी चार वर्षांची, माझ्याकडे. नातेवाईक सरळ म्हणतात, ‘तिला विसर, दुसरं लग्न कर.’ मी भेटायला जातो म्हणून मित्र हसतात.
(एक वाचक, पिंपरी)

उत्तर : नवरा आत गेला तर बायकोनं थांबायचं, बायको आत गेली तर नवऱ्यानं मोकळं व्हायचं, हा हिशेब आपल्याकडे इतका मुरलाय की बोलणाऱ्याला त्यात काही वावगंही वाटत नाही. त्यांना एवढंच सांगा की घटस्फोटाशिवाय दुसरं लग्न हा गुन्हा आहे, त्यात तुम्हीही आत जाल. हे ऐकून गप्प बसतात.

मुलीचं : सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईजवळ कारागृहात ठेवता येतं, २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तसे नियम घालून दिलेत. तुमच्याकडे सांभाळायला माणूस असेल तर बाहेरच ठेवा आणि भेटीला नेत राहा. तिच्या आईची सही लागेल असे शाळेचे, बँकेचे कागद आत्ताच वकिलामार्फत करून घ्या. आणि शाळेच्या पालक-ग्रुपमध्ये तुम्ही स्वतः राहा, आजीला पुढे करू नका.

प्रश्न : आम्ही दोघं पुरुष, सहा वर्षं एकत्र राहतोय. तो आत गेल्यापासून माझं नातं काय लिहायचं हेच कळत नाही.
(नाव-पत्ता छापू नये)

उत्तर : ‘मित्र’ लिहा, ते खरंही आहे आणि नियमात बसणारंही. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून कळवलंय की समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींना भेटीच्या बाबतीत भेदभाव होता कामा नये. खिडकीवर वाद घालण्याऐवजी या पत्राचा उल्लेख अधीक्षकांच्या नावच्या लेखी अर्जात करा. बाकी क्रम खराडीच्या वाचकाला सांगितला तोच. घर दोघांचं असेल तर वीजबिल, करार यांवरचं तुमचं नाव सांभाळा. त्याच्या घरचे ‘सामान न्यायला आलो’ म्हणून येऊन उभे राहतात.

प्रश्न : नवऱ्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. दोन वर्षं मी सगळं केलं. आता नको वाटतं. सोडलं तर ‘वाईट काळात पळाली’, थांबले तर ‘लाज नाही, अजून त्याच्याच नावाचं कुंकू लावते’.
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : वाल्या कोळ्याच्या गोष्टीत बायको-मुलांनी पापाचे वाटेकरी व्हायला नकार दिला, आणि ती गोष्ट आपण मुलांना कौतुकानं सांगतो. तोच नकार शेजारच्या घरात दिला की मात्र चालत नाही. तुमच्या दोन्ही वाक्यांत बोलणारे लोक तेच असणार. त्यांना विचारून ठरवायचं काही नाही.

कायद्याचं पाहा. हिंदू विवाह कायद्यात निव्वळ तुरुंगवास हे घटस्फोटाचं कारण नाही. क्रूरता किंवा अन्य कारण दाखवावं लागतं, किंवा दोघांची संमती. त्याची संमती असेल तर तोच सरळ रस्ता. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल, तर सात वर्षं किंवा जास्त शिक्षा भोगत असणं हे स्वतंत्र कारण कलम २७ मध्ये आहे. मुस्लीम स्त्रीला १९३९ च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्यानं सात वर्षांच्या शिक्षेवर घटस्फोट मागता येतो, शिक्षा अंतिम झाल्यावर.

हे सगळं आजच करायला हवं असं नाही. आधी नुसतं कमी करून पाहा : दर भेटीऐवजी दोन महिन्यांतून एकदा, पत्र महिन्याला एक. आणि हे त्याला सांगून करा, न सांगता गायब होऊ नका. आतल्या माणसाला न आलेल्या भेटीचा अर्थ लावायला चोवीस तास असतात. सहा महिन्यांनी तुम्हाला हलकं वाटतंय की रिकामं, त्यावरून पुढचं कळेल.

पैशामुळे अडकला असाल तर तेवढं वेगळं काढा. शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी संजय गांधी निराधार अनुदान योजनेत बसते : दरमहा १५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, अर्ज तहसील कार्यालयात. खटला चालू असलेल्यांच्या बायकांना मात्र हे लागू नाही. पुष्कळ जणी हेलपाटे घालून ते शेवटी ऐकतात.

प्रश्न : नवऱ्यानं संचित रजेसाठी अर्ज केलाय. ऐकलंय की पोलीस घरी येऊन शेजाऱ्यांना विचारतात. आमच्या वाड्यात अजून निम्म्यांना माहीतच नाही.
(एक वाचक, कसबा पेठ)

उत्तर : संचित रजा, म्हणजे फर्लो (ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर मिळणारी), असो की अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल (घरच्या निकडीच्या कारणासाठी), कैदी ज्या पत्त्यावर राहणार तिथल्या ठाण्याचा अहवाल मागवतात. त्याचा अर्ज आतून गेल्याचं कळलं की तुम्हीच ठाण्यात जा. गोपनीय शाखेचा किंवा पडताळणी पाहणारा अंमलदार कोण ते विचारा, त्याला आधार, पत्त्याचा पुरावा, जामीन राहणाऱ्या नातेवाइकाचे कागद द्या आणि म्हणा, ‘घरी यायचं तर अमुक वेळेला या, मी असेन. शक्य असेल तर साध्या कपड्यांत.’ सांगितल्यावर बरेचदा ऐकतात. न सांगता आले तर चौकातूनच नाव विचारत येतात.

प्रतिकूल अहवालाची कारणंही ठरलेली असतात : पत्त्यावर कुणी भेटलं नाही, जामीनदार कच्चा, किंवा फिर्यादी त्याच भागात राहतो. फिर्यादी जवळपास असेल तर दुसऱ्या नातेवाइकाचा, दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला पत्ता द्या. रजा नाकारली जाण्यापेक्षा ते तात्पुरतं बिऱ्हाड परवडतं.

वाड्यात आधी तुम्ही सांगा, तो यायच्या आठवडाभर आधी, दोन-तीन जाणत्या माणसांना. तो आल्यावर स्वागताची गर्दी, फटाके, स्टेटसवर फोटो नकोत. ठाण्यात हजेरीचे वार कॅलेंडरवर लिहा आणि परतीची तारीख लाल शाईनं. एक दिवस उशीर झाला तरी माफीचे दिवस (शिक्षेत मिळालेली सूट) कापले जातात, पुढची रजा अडते, गुन्हाही दाखल होतो. परतीच्या दिवशी दुपारीच निघा. मेट्रोनं गेलात तर येरवडा स्थानकावरून पुढे रिक्षा करा. प्रवेशद्वारावर नोंद झाल्याची वेळ विचारून घ्या आणि ती घरी लिहून ठेवा.